जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर स्लिप होतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे क्रमाने तपासा

रेस दिली की इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा झपकन वर जातो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगाने चालत राहते. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांमधलं हे दुखणं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दुरुस्तही केलंय. गाडी माझ्यापर्यंत येते तेव्हा मालकाला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळालेला असतो: गिअरबॉक्स गेला, बदलून टाका. कधी कधी ते खरं असतं. पण अनेकदा ऑइल कमी असतं, केबल सैल झालेली असते किंवा कनेक्टरमध्ये ऑइल शिरलेलं असतं, आणि एवढं शोधायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही.

इथे जे लिहितोय ते टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) आणि दुहेरी क्लचचे गिअरबॉक्स वेगळ्या पद्धतीने चालतात, त्यांची तपासणीही वेगळी. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअर नसलेला, गुणोत्तर सलग बदलणारा गिअरबॉक्स) तर जोरात रेस दिल्यावर आरपीएम आधी चढणं आणि वेग मागून येणं ही तिची नेहमीची चाल आहे. तेव्हा आपल्या गाडीत नक्की काय बसवलंय ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा.

लक्षणं

- एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना, विशेषतः दुसऱ्यातून तिसऱ्यात, आरपीएम क्षणभर मोकळे सुटतात आणि मग झटक्याने गिअर बसतो.
- पार्कमधून ड्राइव्ह किंवा रिव्हर्स टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, नंतर धक्का देऊन गाडी पकड घेते. चांगला गिअरबॉक्स साधारण सेकंदाभरात पकड घेतो.
- चढावर किंवा ओव्हरटेक करताना रेस वाढते, गाडी उचलत नाही.
- वळणावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर ड्राइव्ह क्षणभर सुटतो.
- गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, वर-खाली जातच नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो.
- रिव्हर्स उशिरा लागतो किंवा लागतच नाही.
- थांबल्यावर बॉनेटखालून किंवा गाडीखालून जळका वास येतो.

यातलं कुठलं लक्षण आहे, यापेक्षा ते केव्हा दिसतं याला मी जास्त महत्त्व देतो. हत्यार हातात घेण्याआधी कागद घ्या आणि लिहून काढा: गाडी थंड असताना होतं की गरम झाल्यावर? कुठल्या गिअरमध्ये? हलक्या रेसवर की पूर्ण दाबल्यावर? सपाटीवर की चढावर? याला एक रुपयाही लागत नाही, आणि पुढचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

कारण सगळा खेळ ऑइलच्या दाबाचा आहे. इंजिनवर फिरणारा पंप ऑइल दाबतो. तो दाब व्हॉल्व बॉडीतून (ऑइल कुठल्या क्लचकडे जायचं ते ठरवणारा व्हॉल्वांचा ठोकळा) वाट काढत पिस्टनपर्यंत जातो आणि पिस्टन क्लच प्लेटांचा गठ्ठा आवळतो. अस्तराची एक प्लेट, पोलादाची एक, अशा त्या आलटून पालटून बसवलेल्या असतात. दाब पुरेसा असला की सगळ्या एकजीव होऊन फिरतात, कमी पडला की एकमेकींवर घासतात. घासल्या की तापतात, अस्तर जळतं, त्याचा चुरा ऑइलमध्ये मिसळून फिल्टरमध्ये आणि सोलेनॉइडच्या (विजेवर उघडझाप करणारे छोटे व्हॉल्व) जाळ्यांत अडकतो, आणि दाब आणखी कमी होतो. म्हणून स्लिप होणारी गाडी "चालतेय तोवर चालवू" म्हणून पळवू नका. आज ऑइल भरून सुटणारं काम महिनाभराने पूर्ण ओव्हरहॉलवर जातं, हे मी अनेक गाड्यांत पाहिलंय.

आता तुमच्या नोंदींचा अर्थ. सगळ्याच गिअरमध्ये स्लिप असेल तर दोष सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टीत शोधायचा: ऑइलची पातळी, फिल्टर, पंप, मुख्य दाब, टॉर्क कन्व्हर्टर. एकाच गिअरमध्ये असेल तर त्या गिअरचा क्लच, बँड (ड्रमभोवती आवळणारी पट्टी), सील किंवा सोलेनॉइड. तीन आणि चार गिअरच्या बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समध्ये तिसरा आणि रिव्हर्स एकाच क्लचवर चालतात, त्यामुळे ते दोन्ही एकदम बिघडले तर संशय सरळ त्या क्लचवर जातो. सकाळी पकड उशिरा, गरम झाल्यावर ठीक, असं असेल तर रबरी सील कडक झालेली असतात. ऊब मिळाली की ती थोडी नरम होतात आणि बसतात. उलट, थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर स्लिप असेल तर पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या सीलमधून किंवा पंपातून निसटतंय. लांब पल्ल्यावर स्लिप सुरू होते आणि इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलं की गाडी पुन्हा नीट चालते, तेव्हा मी पहिला संशय तुंबलेल्या फिल्टरवर घेतो. पंपाने ओढून ओढून जाळीला चिकटवलेला गाळ तेवढ्या वेळात खाली बसतो. वळणावर किंवा ब्रेक लावल्यावर ड्राइव्ह सुटत असेल तर ऑइल कमी असण्याची शक्यता फार मोठी: ऑइल पॅनच्या (गिअरबॉक्सच्या तळाचं भांडं) एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो.

ही खरंच स्लिप आहे का?

इंजिन मिसिंग करत असेल, एअर फिल्टर तुंबला असेल, हँडब्रेक किंवा एखादा ब्रेक कॅलिपर अडकला असेल, तरी गाडी उचलत नाही. फरक काट्यावर दिसतो. स्लिपमध्ये आरपीएम पळतात आणि वेग मागे राहतो. इंजिन अशक्त असेल तर आरपीएमही चढत नाहीत.

आणखी एक फसवं लक्षण म्हणजे स्थिर वेगाने जाताना, साधारण ६० ते ८० किलोमीटरच्या आसपास, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर. ही बहुधा टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉक-अप क्लचची (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) असते. रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही याची खात्री करून, रेस तशीच ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडलला दिवा लागण्यापुरता अगदी हलका स्पर्श करा. लॉक-अप सुटतो, आरपीएम किंचित वाढतात आणि थरथर थांबते. थांबली, तर गिअरचे क्लच बहुधा ठीक आहेत. योग्य ऑइल बदलल्यावर अशी थरथर जाताना मी पाहिली आहे.

ऑइलची पातळी

सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वेळा चुकीची केली जाणारी तपासणी हीच. इंजिन ऑइल बंद गाडीत पाहतात, म्हणून लोक हेही तसंच पाहतात. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स पूर्ण गरम करून, सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून पाहायचं असतं. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा सावकाश फिरवायचा, म्हणजे आतले मार्ग भरतात, मग पार्कमध्ये आणून डिपस्टिक काढायची. काही गाड्यांत ती न्यूट्रलमध्ये पाहायची असते. बऱ्याच होंडा गाड्यांत तर इंजिन गरम करून बंद करायचं आणि लगेच, मिनिटभराच्या आत-बाहेर, पाहायचं असतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच करा.

डिपस्टिक पुसायला धागे सुटणारी चिंधी वापरू नका. ते धागे आत जाऊन बारीक व्हॉल्व अडकवतात.

ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि ऑइलला फेस येतो. फेस दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून क्लच आवळले जात नाहीत. पण जास्त भरलं तरी तेच होतं, कारण फिरणारे भाग ऑइलमध्ये बुडून ते घुसळतात. म्हणून थोडं थोडं भरा. डिपस्टिकवरच्या "भरा" आणि "पूर्ण" या खुणांमधलं अंतर अनेकदा अर्ध्या लिटरइतकंच असतं.

डिपस्टिकच नसेल तर पातळी गाडीखालून, ओव्हरफ्लोच्या बोल्टमधून, ऑइलचं ठरावीक तापमान स्कॅनरवर (गाडीच्या कंट्रोल युनिटमधली माहिती वाचणारं यंत्र) बघत तपासावी लागते. गाडी चारही बाजूंनी सपाट उचलण्याची सोय नसेल तर हे घरी करू नका. एकाच बाजूने जॅक लावलेल्या गाडीत मिळणारी पातळी खोटी असते, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाणं जिवावर बेतू शकतं.

रंग आणि वास

दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर आणि पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी पण जळका वास नसेल तर ऑइल जुनं झालंय, बदला. काळं, जळका वास, कागदावर कण उरतात: क्लचची अस्तरं जळली आहेत. सगळीच ऑइलं मुळात लाल नसतात, म्हणून रंगापेक्षा वास आणि कण यांवर भरवसा ठेवा.

गुलाबी, दुधाळ, दाट ऑइल दिसलं तर तिथेच थांबा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या आत बसवलेल्या कूलरमधून जातं. तो कूलर आतून फुटला की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं, आणि क्लचच्या अस्तरांचा गोंद पाण्याने सुटतो. अशी गाडी पुन्हा सुरूही करू नका, टो करून न्या.

गळती

ऑइल कमी भरलं तर ते गेलं कुठे, हे शोधल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. गिअरबॉक्स ऑइल जाळत नाही. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. डाग कुठे पडतो त्यावरून अंदाज येतो: पॅनच्या कडेला असेल तर गॅस्केट, रेडिएटरजवळ असेल तर कूलरचे पाइप, चाकाच्या बाजूला असेल तर एक्सलचं सील. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून गळत असेल तर पंपाचं पुढचं सील, आणि त्यासाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

फार जुन्या गाड्यांत व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्समधला दाब ठरवणारा डबा. त्याचा पडदा फाटला तर इंजिनच ऑइल ओढून घेतं: खाली थेंब नाही, पातळी मात्र घटते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. त्याची व्हॅक्यूमची नळी काढून आत ऑइल आहे का पाहा. असेल तर दोष सापडला, आणि हा पार्ट बहुतेक गाड्यांत बाहेरूनच बदलता येतो.

केबल आणि लिव्हर

लिव्हरची केबल सैल झाली की आतला व्हॉल्व दोन जागांच्या मध्ये उभा राहतो आणि दाब अर्धवट जातो. लिव्हर ड्राइव्हवर ठेवून स्लिप होत असताना तो किंचित पुढे-मागे दाबल्यावर पकड सुधारत असेल तर केबल जुळवा.

थ्रॉटल केबलकडे मात्र खास लक्ष द्या. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण येण्याआधीच्या अनेक गिअरबॉक्समध्ये, आणि त्यानंतरच्याही काहींमध्ये, पायाने जितकी रेस दिली तितका दाब वाढवण्याचं काम ही केबल करते. ती सैल असली की पूर्ण रेसवरही आतला दाब आयडलइतकाच राहतो. गाडी लवकर लवकर वरच्या गिअरमध्ये जाते, मऊ मऊ शिफ्ट देते, मालकाला वाटतं काय गुळगुळीत चालते, आणि आत प्लेटा जळत असतात. कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीचं काम झाल्यानंतर स्लिप सुरू झाली असेल तर सगळ्यात आधी इथे पाहा.

बॅटरी, वायरिंग, स्कॅनर

इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सला नीट व्होल्टेज लागतं. बंद गाडीत बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू गाडीत सुमारे १३.८ ते १४.५ दाखवायला हवी. बॅटरीची टर्मिनलं आणि गिअरबॉक्सची अर्थ वायर घासून घट्ट करा. गिअरबॉक्सचा कनेक्टर काढून आत पाहा. ओला, तेलकट असेल तर त्याचं सील गेलंय. ऑइल वायरीच्या आतून चढत कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचू शकतं.

मग स्कॅनर लावा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या नव्या मोटारींत आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल मोटारींत ओबीडीचा (गाडीने स्वतःच नोंदलेले बिघाड वाचण्याची सोय) १६ पिनांचा सॉकेट सक्तीचा आहे. पी०७०० हा कोड फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये काहीतरी नोंदलंय. खरी माहिती त्याच्या सोबतच्या कोडमध्ये असते, आणि स्वस्त स्कॅनर तो अनेकदा वाचत नाहीत. पी०७१५ आणि पी०७२० हे वेगाच्या सेन्सरचे कोड. सेन्सर बहुधा बाहेरून बदलता येतात. पी०७४० आणि पी०७४१ लॉक-अपचे. पी०७५० पासून पुढचे शिफ्ट सोलेनॉइडचे. पी०७३१ ते पी०७३५ मात्र म्हणतात की त्या त्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. वेगाचे सेन्सर ठीक असतील तर ही स्लिपची नोंदच समजा.

कोड लिहून घ्या, मगच पुसा. मेकॅनिककडे जाण्याआधी कोड पुसणं म्हणजे त्याचा पुरावा पुसणं.

पॅन उघडणं, फिल्टर, ऑइल

इथून पुढे हात काळे होतात. ऑइल पुरतं थंड होऊ द्या, गाडी स्टँडवर ठेवा, चाकांना ठोकळे लावा. पॅन उतरवल्यावर आत चुंबक दिसेल. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असणं वर्षानुवर्षांच्या झिजेचं आहे, घाबरू नका. चकचकीत धातूचा कीस, पितळी कण, प्लास्टिकचे तुकडे किंवा अस्तराचे काळे पापुद्रे दिसले तर नवं ऑइल ओतून पैसे घालवू नका. पॅन परत लावा आणि खालच्या "इथे थांबा, जाणकाराला बोलवा" या भागाकडे वळा.

फिल्टर बदलताना त्याच्या नळीवरचं जुनं सील आतच चिकटून राहिलेलं नाही ना, ते पाहा. जुन्यावर नवं बसवलं तर पंप तिथूनच हवा ओढतो आणि स्लिप आधीपेक्षा वाढते.

ऑइल गाडीला जे सांगितलंय तेच. टोयोटाच्या टी-फोरच्या जागी डब्ल्यूएस चालत नाही, फोर्डचं जुनं टाइप-एफ आणि डेक्सरॉन यांचं घर्षण वेगळं. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला डबा मी स्लिप होणाऱ्या गाडीत ओतत नाही. पॅनमधून एका वेळी साधारण एक तृतीयांश ते निम्मंच ऑइल निघतं, बाकी कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा काढा-भरा करणं बरं. कधीच ऑइल न बदललेल्या जुन्या गिअरबॉक्सवर मशीनने दाब देऊन फ्लश करण्याच्या मी विरोधात आहे. साचलेला गाळ सुटून व्हॉल्व बॉडीत अडकतो. "ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" या तक्रारींत बहुतेक वेळा अस्तरं आधीच संपलेली असतात.

स्लिप थांबवणारी बाटलीतली औषधं सील फुगवतात. कडक सीलवर काही दिवस फरक दिसू शकतो. जळलेलं अस्तर कुठल्याही बाटलीने परत येत नाही.

सोलेनॉइड, बँड, व्हॉल्व बॉडी

पॅन स्वच्छ निघाला आणि कोड सोलेनॉइडकडे बोट दाखवत असेल तर मल्टिमीटरने रोध मोजा. साधे शिफ्ट सोलेनॉइड बहुधा १० ते ३० ओहमच्या दरम्यान असतात आणि दाब नियंत्रित करणारे त्याहून बरेच कमी, पण निर्णय मॅन्युअलच्या आकड्यावर घ्या. रोध बरोबर असूनही सोलेनॉइड गाळाने अडकलेला असू शकतो. १२ व्होल्टवर खटका वाजतो का ते ऐका. दाब नियंत्रित करणाऱ्याला मात्र थेट १२ व्होल्ट देऊ नका, जळेल. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये बँड आवळण्याचा स्क्रू बाहेर असतो. तो मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळून, सांगितले तेवढे फेरे सोडून लॉक करायचा. अंदाजाने आवळलेला बँड सुटा राहत नाही आणि जळतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

व्हॉल्व बॉडी खोलायची वेळ आली की थांबा. आत एकसारख्या दिसणाऱ्या पण वेगवेगळ्या स्प्रिंगा आणि छोट्या गोळ्या असतात. एक गोळी चुकीच्या जागी गेली की एक गिअर कायमचा जातो. तसंच ऑइल बरोबर असून सगळ्या गिअरमध्ये स्लिप, ऑइल काळं आणि कणांसकट, दुधाळ ऑइल, खरखर किंवा दळल्यासारखा आवाज, पुढचा किंवा मागचा गिअर अजिबात न लागणं, यांपैकी काहीही असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टो करताना ड्राइव्हची चाकं जमिनीवर फिरू देऊ नका. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि आतल्या बेअरिंगना ऑइल मिळत नाही.

दाबाची चाचणी गेज लावून जाणकारानेच करावी, आणि ती करायला जरूर सांगा. खोलण्याआधी मोजलेला दाब न दाखवता जो सरळ "बदला" म्हणतो, त्याच्याकडे मी गाडी ठेवणार नाही. स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक घट्ट दाबून पूर्ण रेस देणं, स्वतः करू नका. काही सेकंदांत ऑइल प्रचंड तापतं आणि ब्रेक सुटला तर गाडी उडी घेते.

ओव्हरहॉल की बदली

एकाच क्लचचं किंवा सीलचं दुखणं असेल, पॅनमध्ये धातू नसेल आणि कामाचा माणूस खात्रीचा असेल, तर मी ओव्हरहॉल निवडतो. त्यात फक्त जळलेल्या प्लेटा नाही, तर सगळ्या अस्तराच्या प्लेटा, सील, गॅस्केट, फिल्टर बदलून घ्या, आणि मूळ कारण काय होतं ते विचारा. सील फाटलं म्हणून प्लेटा जळल्या असतील आणि फक्त प्लेटा बदलल्या, तर त्या पुन्हा जळतील. गिअर, शाफ्ट, ड्रम किंवा पंपच गेला असेल तर कारखान्यात पूर्ण दुरुस्त केलेला आणि हमी असलेला युनिट बरा.

सुटा काढलेला वापरलेला गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण त्याचा भूतकाळ कुणालाच ठाऊक नसतो. घ्यायचाच तर गाडीच्या नावावर नको, गिअरबॉक्सवरच्या प्लेटवरचा कोड तंतोतंत जुळवून घ्या. त्यातल्या ऑइलचा वास घ्या, पॅन उघडून चुंबक पाहा, आणि बसवण्याआधीच, हाताशी असताना, पुढचं सील आणि फिल्टर बदला.

काहीही बसवलं तरी दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, कूलर आणि त्याचे पाइप धुतलेच पाहिजेत, किंवा कूलर नवा. जुन्या गिअरबॉक्सचा कीस तिथे बसलेला असतो आणि पहिल्याच दिवशी नव्यात जातो. दुसरी, टॉर्क कन्व्हर्टर पंपावर पूर्ण बसलाय का, ते बोल्ट आवळण्याआधी पाहायचं. दोन-तीन टप्प्यांत तो "टक" करून आत जातो आणि गिअरबॉक्स इंजिनला टेकल्यावरही हाताने मोकळा फिरतो. फिरत नसेल आणि बोल्टने ओढून घेतला, तर पंप फुटतो.

नंतर स्कॅनरने जुनी शिकलेली मूल्यं पुसून घ्या, म्हणजे कंट्रोल युनिट नव्या प्लेटांनुसार दाब शिकेल. पहिले काही दिवस शिफ्ट थोडे विचित्र लागतील, तेवढ्यात घाबरून परत खोलायला लावू नका. पहिल्या लांब फेरीनंतर गरम ऑइलची पातळी पुन्हा पाहा, आणि काही शे किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा, गळतीसकट.